गोव्याच्या वाटेवरचा किल्ला

किल्ल्याची ताकद तोफांवरून जोखायची आपली सवय. मोझांबिक बेटावरच्या साव सेबास्तियाव किल्ल्यात मात्र आधी पाण्याचं टाकं बघावं. बेट प्रवाळखडकाचं, जेमतेम ३ किलोमीटर लांब, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आत आणि गोड्या पाण्याची कायमची टंचाई. म्हणून पावसाचं पाणी आतल्या टाक्यात साठवायची सोय किल्ल्यातच केलेली. हा किल्ला तगला तो प्रामुख्याने या साठ्यावर, असं माझं मत आहे.

वास्को द गामा मार्च १४९८ मध्ये इथे पोचला, तेव्हा बेटावर मुसलमान शेखाची सत्ता होती आणि अरबी व्यापाऱ्यांची गलबतं बंदरात होती. पोर्तुगीजांना बेट हवं होतं ते वाऱ्यांच्या वेळापत्रकामुळे. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेलं जहाज आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून वेळेत इथवर आलं, तर नैर्ऋत्य मोसमी वारा त्याला सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला नेऊन घाली. उशीर झाला की पुढच्या मोसमाची वाट बघत इथेच मुक्काम. त्या मुक्कामात तापाने आणि स्कर्व्हीने माणसं पटापट मरत. १५०७ मध्ये पोर्तुगीजांनी ठाणं वसवलं, तेव्हा त्यासोबत रुग्णालयही उभारावं लागलं. कवी लुईश द कामोंइश गोव्याहून परतताना याच बेटावर कफल्लक होऊन अडकला. पुढे गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख झालेला इतिहासकार दियोगु द कोतो याला तो तिथे भेटला. मित्रांच्या वर्गणीवर जगत होता.

बेटाच्या उत्तर टोकावरचं बालुआर्त मातेचं चॅपल १५२२ चं. दक्षिण गोलार्धातली सर्वांत जुनी युरोपीय वास्तू म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या पाठीशी १५५८ मध्ये मिगेल द आरुदाच्या आराखड्यानुसार किल्ल्याचं काम सुरू झालं. तुर्की आरमाराची धास्ती होती, आणि तोफांच्या माऱ्यापुढे उंच, पातळ तटांचा उपयोग संपला होता. म्हणून जाड तट आणि टोकदार, कोनाकृती बुरूज. काम रेंगाळत सतराव्या शतकात गेलं.

पण परीक्षा काम पुरं होण्याआधीच झाली. १६०७ मध्ये पाउलुस फान कार्डेन डच ईस्ट इंडिया कंपनीचा ताफा घेऊन आला. गाव सहज हाती आलं, मोर्चे किल्ल्याच्या तटापर्यंत भिडले. आत किल्लेदार इश्तेव्हांव द अताइद आणि मूठभर शिबंदी. वेढा लांबला, तसे बाहेरचे डचच तापाने आजारी पडू लागले. मे महिन्यात त्यांनी वेढा उठवला आणि जाताना गाव जाळलं, माडांची बनं तोडली. चिडलेल्या माणसाचंच हे काम! १६०८ मध्ये पीटर फेरहूफ याहून मोठा ताफा घेऊन आला. तोही हात हलवत परतला.

हे बेट हाती आलं असतं, तर पूर्वेकडच्या वाटेवरचं विश्रामस्थान म्हणून डचांना दुसरं ठिकाण शोधायची फारशी गरज पडली नसती. १६५२ मध्ये त्यांनी केपला वसाहत केली. तिच्यामागे इतर कारणं होतीच, पण या दोन अपयशांना मी त्यांत वरची जागा देईन.

१७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चाले. हस्तिदंत आणि सोनं या बंदरातून बाहेर जाई, हिंदुस्थानी कापड आत येई. कापडाच्या व्यापारात दीवच्या वाण्यांचा दबदबा होता. १६८६ मध्ये दीव ते मोझांबिक व्यापाराचा मक्ताच त्यांच्या मंडळीला मिळाला. याच बंदरातून गुलामही गेले: गोव्याला, नंतर मोठ्या संख्येने मॉरिशसकडच्या बेटांवर आणि ब्राझीलला. वेढ्यांच्या शौर्यकथांत ही माणसं क्वचितच दिसतात.

राजधानी १८९८ मध्ये लोरेंसो मार्केशला, म्हणजे आजच्या मापुतोला गेली. १९९१ मध्ये बेट युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. पर्यटक उत्तरेकडचं दगडी गाव बघतो. त्या गावासाठी दगड निघाला बेटाच्या दक्षिण भागातून, आणि खाणींमुळे खोल गेलेल्या त्याच जमिनीवर झावळ्यांच्या छपरांची आफ्रिकी वस्ती वसली. तिला माकुती म्हणतात. तिथल्या गल्ल्या दगडी गावाच्या रस्त्यांहून खाली आहेत, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी तिथे घराघरांत शिरतं.