क्रँक भरून आणायची

गॅसवर तवा तापत ठेवलेला आणि त्यावर पोळीच्या जागी ॲल्युमिनिअमचा एक जाडजूड तुकडा: जावा मोटारसायकलच्या क्रँककेसचा अर्धा भाग. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब नुसता पसरला तर अजून थांबायचं. तडतडून उडाला की बेअरिंग बसवायची वेळ झाली. रात्रभर फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी पिशवीत पडून राहिलेलं बेअरिंग मग बोटांनीच आपल्या खाचेत उतरतं, हातोडा उचलावा लागत नाही. 50 मिलिमीटरची खाच 80 अंशांनी तापली की जेमतेम 0.09 मिमीने रुंदावते. तेवढी सवड पुरते, पण टिकते काही सेकंदच. हात थरथरला आणि बेअरिंग तिरकं बसलं, की सगळं पुन्हा तव्यावर.

जुनी मोटारसायकल घरी बांधायची म्हणजे हे असं, स्वयंपाकघर अर्धं बळकावून. हे चित्र माळव्यातल्या धार-देवासकडचं. धार आणि देवास ही दोन्ही पवार या मराठा घराण्याची जुनी संस्थानं. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. मराठे माळव्यात आले ते घोड्यांवरून. त्यांच्या वंशजांच्या पडव्यांत आता जावा आणि येझदी उभ्या दिसल्या तर नवल नाही. त्यातून देवास हे यंत्रांचं गाव. इथे किर्लोस्करांचे पंप बनतात, गजरा गिअर्सचे दातेरी गिअर कापले जातात. शतांश मिलिमीटर म्हणजे काय, हे इथे पाळीवरून घरी आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

जावाचा या मुलखाशी संबंध मात्र याहून जवळचा आहे. फ्रांतिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने 1929 साली 'वांडरर' या जर्मन मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरं जोडून 'जावा' हे नाव केलं. भारतात ती 1961 पासून म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या 'आयडियल जावा' कारखान्यात बनू लागली; पुढे तिचीच येझदी झाली आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. बावीस वर्षांनी, 2018 मध्ये, महिंद्रांच्या पाठबळाने जावा परत आली. ती बनते कुठे? धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला. ज्या कारखान्यातून एके काळी फिरोदियांची कायनेटिक होंडा बाहेर पडायची आणि 2008 मध्ये जो महिंद्रांकडे गेला, तिथेच.

म्हणजे देवासच्या पडवीत उघडलेल्या जुन्या जावाचं नवं माहेर माळव्यातच आहे. पण त्या माहेराहून तिच्यासाठी काहीच येऊ शकत नाही. 2018 मध्ये आलेलं नवं इंजिन 293 सीसीचं, पाण्याने थंड होणारं, फोर-स्ट्रोक. जुनं 248.5 सीसीचं, वाऱ्यावर थंड होणारं, टू-स्ट्रोक. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही खूण नव्या गाडीने जपली आहे, पण इंजिनाच्या पोटात सारखं असं काहीच नाही.

ते जुनं पोट उघडून बघण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. 65 मिमी व्यासाचा पिस्टन 75 मिमीची फेरी मारतो आणि जाता-येता सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या स्वतःच उघडतो, मिटतो. गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की तोच किक होतो. गिअर टाकताना त्याच दांड्याच्या दाबाने क्लचही सुटतो, डाव्या हाताने लिव्हर ओढली नाही तरी. एका दांड्याला तीन कामं! हे ज्याला सुचलं त्या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

खरी गंमत मात्र खालच्या बंद कोठीत आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती क्रँक ठेवायची पेटी नसते, ती इंजिनाची फुप्फुसं असते. पिस्टन वर गेला की पेट्रोल, तेल आणि हवा यांचं मिश्रण या कोठीत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून कोठी हवाबंद असावीच लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ओठांची दोन सीलं असतात, स्वस्त आणि नजरेत न भरणारी. डायनामोच्या बाजूचं सील फाटलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन भलताच तापतो आणि ऐन रस्त्यात जाम होतो. क्लचच्या बाजूचं फाटलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं आणि गाडी मागे पांढऱ्या धुराचा लोट सोडत जाते. माणसं कार्ब्युरेटर साफ करतात, प्लग बदलतात, पॉइंट घासतात आणि दुखणं तसंच राहतं. कारण सील बदलायला अख्खं इंजिन उतरवून दोन फाका कराव्या लागतात.

आणि फाका केल्याच आहेत तर क्रँक तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरायचा आणि सरळ वर-खाली ओढून बघायचा. डावी-उजवीकडे थोडा हलला तर चालतो, तो हलायलाच हवा. पण वर-खाली 'टक्' असा बारीकसा आवाज जरी आला, तरी खालचं बेअरिंग गेलं समजायचं. इथे घरचं काम संपतं.

कारण ही क्रँक अखंड नाही. दोन जड लोखंडी तबकड्या, मध्ये एक पिन, पिनेवर रॉड. आणि हे सगळं नटाने नव्हे, निव्वळ घट्ट दाबाने एकत्र बसलेलं. जुनी पिन काढायला आणि नवी बसवायला काही टनांचा प्रेस लागतो. त्यालाच 'क्रँक भरणं' म्हणतात. प्रेस कुणीही दाबेल, कसब त्यानंतरचं आहे. भरलेली क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये टांगायची, डायल गेजचा काटा शाफ्टला टेकवायचा आणि हाताने सावकाश फिरवायची. काटा डोलतो. तो जिथे सगळ्यात वर जातो तिथे खडूने खूण करायची, क्रँक उतरवायची आणि पितळी हातोड्याचा एकच घाव तबकडीच्या कडेवर घालायचा. पुन्हा टांगायची, पुन्हा फिरवायची. काट्याचं डोलणं दोन-तीन शतांशांवर येईपर्यंत हेच चालतं. माणसाचा केस साधारण सात शतांशांचा असतो, म्हणजे केसाच्या निम्म्याहून बारीक हिशेब हातोड्याने सोडवायचा.

हा घाव किती जोराचा, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. जास्त बसला तर काटा दुसऱ्या बाजूला पळतो आणि पिनेची पकडही ढिली होते. धारला लाट मशिदीपाशी प्रचंड लोहस्तंभाचे तुकडे ठेवलेले आहेत. लोखंड तापवून, ठोकून एकजीव करणाऱ्या कुणा अनाम हातांनी तो घडवला. क्रँक सरळ करणारा माणूस त्याच बिरादरीतला. त्याच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं, कारण हा माणूस आता सहज सापडत नाही. आजच्या बहुतेक सर्व्हिस सेंटरांत भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. त्यामुळे नव्या मुलाला हे काम शिकायला समोर क्रँकच येत नाही. मग घरी इंजिन बांधणारा क्रँक पोत्यात गुंडाळतो आणि इंदूरच्या गल्ल्यांमधून विचारत फिरतो.

माणूस सापडला तरी सुटका नाही, कारण पुढचा प्रश्न सुट्या भागांचा. म्हैसूरचा कारखाना बंद पडून तीन दशकं होत आली. बाजारात आहे ते बहुतेक डुप्लिकेट. पिनेला हवं तितकं पाणी दिलेलं नसतं, रिंगा लवकर झिजतात. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या तोंडाशी एक बारीक खुंटी असते, रिंग फिरून तिचं टोक खिडकीत अडकू नये म्हणून. नकली पिस्टनमध्ये ही खुंटी ढिली निघाली तर एका क्षणात रिंग, पिस्टन आणि सिलिंडर तिन्ही जातात. आणि सिलिंडर म्हणजे शिल्लक. दर वेळी पाव मिलिमीटरने बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, असं काही वेळाच करता येतं. नंतर स्लीव्ह घालण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून जाणती माणसं बोअर करायला देताना जीव मुठीत धरून देतात आणि पिस्टन आधी हातात आल्याशिवाय सिलिंडर कुणाच्या हवाली करत नाहीत.

त्यात आता पेट्रोल बदललं आहे. पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाडीचं रबर त्याने फुगतं. उभ्या गाडीच्या टाकीत ते हवेतलं पाणी शोषतं, पाणी तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. म्हणजे सील फाटल्यावर जे दुखणं जडतं, तेच इथे नवं सील बसवूनही जडू शकतं. त्यावर उपाय कार्ब्युरेटरचा मेन जेट एक माप मोठा करण्याचा आणि लिटरला 40 मिली तेलात हयगय न करण्याचा.

कागदांची चिंता वेगळीच. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने 2021 मध्ये 'व्हिंटेज' नोंदणी आणली: नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांपुरतीच परवानगी. ज्याला आजोबांची जावा भिंतीशी शोभेला ठेवायची आहे त्याला हे ठीक. ज्याला ती भाजी आणायला न्यायची आहे तो साध्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहतो आणि प्रत्येक नव्या नियमाच्या बातमीने धास्तावतो. ही धास्ती खोटी नाही. चालत्या इंजिनाला सांभाळणारी माणसं उरतात. इंजिनं शोभेची झाली की क्रँक भरणाऱ्याच्या दारात कोण जाणार?

तरीही इंजिनं बांधली जातात. पॉइंटची फट 0.4 मिमीच्या आसपास, पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी सुमारे 3 मिमीवर ठिणगी, मग किक. पहिले काही शे किलोमीटर सावकाश, चढावर गिअर लवकर उतरवून, मध्ये थांबून इंजिन निवू देत. धारहून मांडू साधारण 35 किलोमीटर आणि शेवटी चढण. बांधलेल्या इंजिनाची परीक्षा घ्यायला याहून चांगला रस्ता नाही. चढण संपली की गाडी बाजूला घ्यायची, चटका बसणार नाही अशा बेताने प्लग सोडवायचा आणि उन्हात धरून त्याचं टोक पाहायचं. पांढरं पडलं असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे, काळं ओलं असेल तर तेल. विटकरी-तपकिरी दिसलं तर प्लग पुन्हा बसवायचा: आधी नुसत्या बोटांनी, आटे सांभाळत, आणि मग पाना.