घरातला एकुलता एक पायलट

मैत्रिणींनो, नागपूरला भाचीचं लग्न होतं, २ डिसेंबर २०२५ ला. जाताना रेल्वेनेच गेले. पण परतीचं तिकीट मुलाने विमानाचं काढून दिलं. म्हणाला, "आई, रात्रभराचा प्रवास दीड तासात होईल. आजीकडे लवकर पोचशील." खरंच घाई होती. आमच्या सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते त्या माझ्याशिवाय कुणाच्या हातून घेत नाहीत. तीन दिवसांसाठी मानखुर्दच्या आमच्या बचत गटातली एक मैत्रीण, जी पूर्वी दवाखान्यात काम करायची, ती येणार होती. ३ तारखेच्या रात्री मी घरी, असा सगळा हिशेब.

३ तारखेला संध्याकाळी विमानतळावर पोचले तर विमान दोन तास उशिरा. मग चार तास. रात्री मोबाईलवर मेसेज आला, विमान रद्द. काउंटरवर ही गर्दी! एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन उभी, एका काकांचा दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख म्हणून जीव टांगणीला. मला ४ तारखेचं विमान दिलं. तेही रद्द झालं. मग ५ तारखेच्या सकाळचं दिलं. भल्या पहाटे बहिणीच्या यजमानांना उठवून पुन्हा विमानतळ गाठला आणि तिसऱ्यांदा तोच मेसेज!

इकडे घरून फोनवर फोन. मैत्रिणीला गावी जायचं होतं, ती ४ तारखेला गेली. सासूबाई रुसून बसल्या. "ती आल्यावरच घेईन." साखर वाढत चाललेली. यजमान फोनवर म्हणाले, "अगं, सुई नेमकी कुठे टोचायची?" पंचवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. मी विमानतळाच्या खुर्चीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू?

हे माझ्या एकटीचं नव्हतं. त्या आठवड्यात देशभर हजारो विमानं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसातला आकडा हजाराच्या वर गेला. कारण नंतर वाचलं. वैमानिक थकलेले असतील तर प्रवाशांच्या जिवाला धोका, म्हणून सरकारने विश्रांतीचे नियम कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. नियम चांगलाच. पण त्यासाठी जास्त माणसं लागणार, ती वेळेत तयार ठेवली नाहीत आणि सगळं वेळापत्रक कोसळलं. दुसरीकडची तिकिटं इतकी महागली की ६ डिसेंबरला सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. ५०० ते १००० किलोमीटरसाठी १२ हजार रुपये. तोवर मी विमानाचा नाद सोडला होता.

रेल्वेचं आरक्षण कुठलं मिळायला! पण बहिणीला आठवलं, उद्या ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी नागपूरहून दादरकडे खास गाड्या सुटतात, आरक्षणाशिवायच्या. संध्याकाळच्या गाडीत कशीबशी चढले. पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या आयाबाया, कडेवर मुलं, पिशव्यांत भाकरी. एक आजी ओरडल्या, "सरका वं थोडं, बसू द्या ताईले!" आणि त्या भरलेल्या बाकावर माझ्यासाठी वीतभर जागा झाली. भाकरी आणि ठेचाही हातावर आला.

मी माझी रडकथा सांगितली. आजी हसल्या. "आमी तं दर सालीच असे जातो बाई. बाबासायबाच्या पायाशी जायाचं, मंग काय कंटाळा!" तीन दिवस मी ज्याला हाल म्हणत होते, ते या बायांना दरवर्षी ठाऊक होते आणि तरी दुसरीला जागा द्यायला त्या चुकत नव्हत्या. रात्री बडनेरा, भुसावळ गेलं. त्या आजी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

सकाळी उशिरा दादर. पांढऱ्या गर्दीचा तो सागर चैत्यभूमीकडे वळला, मी कुर्ल्याची लोकल धरली, तिथून हार्बरने मानखुर्द. घरात शिरले तर सासूबाईंनी नातवाकडे बोट दाखवलं. "यानं टोचलं काल रात्री. फोनवर बघून शिकला. हात तुझ्यापेक्षा हलका आहे हो!" मला हसावं की रडावं कळेना.

मग विचार आला, विमान कंपनीला नावं ठेवते, पण माझ्या घरात तरी वेगळं काय होतं? इथेही पायलट एकच. तिच्या विश्रांतीचा नियम नाही आणि तिच्या जागी दुसरं माणूस तयार नाही. ती अडकली की घर जमिनीवर! आता आमच्याकडे इन्सुलिनची पाळी लावली आहे, रविवारी यजमानांची. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरला, आता नाही.

जाता जाता कामाचं सांगते, कारण आता लहान गावांतूनही आपण विमानाने जातो. विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं काय हवं ते आपण निवडायचं. मी दोनदा मिळेल ती तारीख घेत बसले, तसं करू नका. दुसऱ्या विमानाची वाट पाहताना विमानतळावर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. आयत्या वेळी कळवलं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर प्रवासाच्या वेळेनुसार १० हजारांपर्यंत भरपाईचाही नियम आहे. मेसेज पुसू नका, बोर्डिंग पास आणि खर्चाच्या पावत्या जपा. तक्रार सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. माझे तिकिटाचे पैसे परत आले.

आणि हो, कुठे बाहेरगावी निघायच्या आधी स्वतःलाच एक प्रश्न विचारा. मी दोन दिवस उशिरा आले, तर माझं काम घरात कुणाला येतं?