एडिंबरो शहरांतील भुतांची फेरी

भूत आहे कीं नाहीं, हा वाद फार जुना आहे व तो लवकर मिटेल असें दिसत नाहीं. परंतु भूत असो वा नसो, भुताची गोष्ट मात्र आहे. आणि ती ऐकण्यासाठीं पदरचे पैसे मोजून, काळोखांत व थंडीवाऱ्यांत तास-दीड तास पायपीट करणारीं माणसें सुधारलेल्या जगांत पुष्कळ आहेत. अमावास्येच्या रात्रीं पिंपळाखालून जाऊं नये, ही महाराष्ट्रांतील जुन्या माणसांची शिकवण. स्कॉटलंडच्या राजधानींत, एडिंबरो शहरांत, नेमक्या अशाच जागीं लोकांना मुद्दाम नेण्याचा धंदा चालतो. ह्या फेरींत काय दाखवितात, त्यांत इतिहास किती व कल्पना किती, आणि भीति उपजते ती कशानें, हें पाहण्यासारखें आहे.

पेशवाईच्या अखेरीस पुण्यास रेसिडेंट असलेले व पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांचें कांहीं शिक्षण ह्याच शहरांत झालें. विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर किल्ला, तेथून पूर्वेस उतरत जाणारा सुमारें मैलभर लांबीचा राजरस्ता, त्याच्या शेवटीं होलिरूडचा राजवाडा, आणि माशाच्या कण्यास कांटे असावेत तशा दोहों बाजूंस फुटलेल्या अरुंद गल्ल्या, असें जुन्या शहराचें रूप आहे. ह्या गल्ल्यांना तेथें ‘क्लोज’ म्हणतात. तटाच्या आंत जागा थोडी, म्हणून घरें आडवीं न पसरतां उंच चढलीं. एकाच जिन्यावर सरदार, वकील, कारागीर व भिकारी राहत. १७६७ सालीं नव्या शहराचा आराखडा ठरला, श्रीमंत तिकडे गेले, आणि जुन्या शहरांत दारिद्र्य उरलें. भुतांना याहून सोईची वस्ती कोणती असणार?

फेरी बहुधा सायंकाळनंतर निघते. राजरस्त्यावर सेंट जाइल्सच्या देवळाजवळ मंडळी जमते. काळा झगा घातलेला वाटाड्या येतो. तो प्रथम थोडा विनोद करतो, मग आवाज हळूहळू उतरवितो, आणि एखाद्या बोळाच्या तोंडाशीं एकाएकीं गप्प राहतो. कीर्तनकार उत्तररंगांत शिरण्यापूर्वीं जसा क्षणभर थांबतो, तसेंच हें समजावें.

सर्वांत प्रसिद्ध गल्ली मेरी किंग हिच्या नांवाची. मेरी किंग ही सतराव्या शतकांतील एक व्यापारी विधवा. १७५३ सालीं तेथें नव्या व्यापारी इमारतीचें काम सुरू झालें, तेव्हां गल्लींतील घरांचे वरचे मजले पाडून खालचे मजलेच पायासारखे वापरण्यांत आले. त्यामुळें गल्ली इमारतीच्या पोटांत गडप झाली. १६४५ सालच्या प्लेगांत गल्लीचीं दोन्हीं तोंडें चिणून रोग्यांना आंत जिवंत मरूं दिलें, अशी दंतकथा आहे. ती ऐकून अंगावर कांटा येतो. पण ती खरी नाहीं. पुष्कळ रोग्यांना शहराबाहेरील माळावर झोंपड्यांत हलविण्यांत आलें, व घरांत कोंडलेल्यांना अन्न पोंचविण्याची व्यवस्था होती. नेमलेला पहिला वैद्य स्वतःच प्लेगानें मेला, आणि त्याच्या जागीं जॉर्ज रे नांवाचा दुसरा वैद्य आला. ज्यांनीं जीव धोक्यांत घालून शेजाऱ्याची सेवा केली, त्यांनाच ही दंतकथा मारेकरी ठरविते.

दुसरें ठिकाण साउथ ब्रिज. १७८८ सालीं खुल्या झालेल्या ह्या पुलाच्या एकोणीस कमानींपैकीं आज एकच उघडी दिसते. बाकीच्या दोन्हीं बाजूंच्या इमारतींनीं झांकल्या. कमानींखालच्या तळघरांत प्रथम दुकानें व कारखाने होते. परंतु वरून पाणी झिरपूं लागलें, व्यापारी निघून गेले, आणि ज्यांना अन्यत्र थारा नव्हता असे गोरगरीब तेथें शिरले. पुढें तीं तळघरें बुजलीं व विसरलीं गेलीं. १९८० नंतरच्या दशकांत तीं पुन्हां उकरण्यांत आलीं.

ह्याच तळघरांत रिचर्ड वाइजमन ह्या मानसशास्त्रज्ञानें एक प्रयोग केला; त्याचा वृत्तान्त २००३ सालीं प्रसिद्ध झाला. कोणतें तळघर झपाटलेलें मानतात हें न सांगतां त्यानें लोकांना निरनिराळ्या तळघरांत बसविलें. थंड झुळूक, कोणी पाहत असल्याचा भास, पावलांचा आवाज, असे अनुभव पुष्कळांनीं सांगितले. आणि ज्या तळघरांचा लौकिक वाईट होता तेथें ते अधिक आले. तर मग भूत सिद्ध झालें काय? नाहीं. खोलीचा आकार व उजेडाचें प्रमाण ह्यांशीं त्या अनुभवांचा संबंध दिसून आला. म्हणजे लोक खोटें बोलत नव्हते. जागाच अशी होती कीं तेथें कोणाचेंहि मन सावध व्हावें. अंधारांत कान तीक्ष्ण होतात, आणि डोळ्यांना जें दिसत नाहीं तें मन पुरवितें. दोरीचा साप होतो तो असाच.

फेरीचा शेवट पुष्कळदां ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमींत होतो. १६३८ सालीं येथेंच स्कॉटिश लोकांनीं आपल्या धर्ममताच्या रक्षणासाठीं प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. १६७९ सालीं त्या पंथाचे लढाईंत हरलेले सुमारें बाराशें लोक ह्या जागेला लागून असलेल्या उघड्या मैदानांत कैद करून ठेवले होते. कित्येक मेले, कित्येक शरण जाऊन सुटले. उरलेल्या अडीचशेंवर कैद्यांना वसाहतींत पाठविण्यासाठीं जहाजावर चढविलें, तें ऑर्कनी बेटांजवळ फुटलें व बहुतेक बुडाले. ह्या पंथाच्या लोकांवर कठोरपणें खटले चालविणारा सरकारी वकील जॉर्ज मॅकेंझी १६९१ सालीं मेला व त्याच दफनभूमींत पुरला गेला. १९९८ नंतर त्याच्या थडग्याभोंवतीं ओरखडे व मूर्च्छा ह्यांच्या कथा पसरल्या, आणि त्याचें भूत शहरांतील सर्वांत गाजलेलें भूत झालें.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट आहे. छळणाऱ्याचें नांव घेऊन लोक थरारतात. पावसांत उघड्यावर कुडकुडत राहिलेल्या बाराशें जणांचीं नांवें कोण घेतो? भुताच्या कथेचा हाच मोठा दोष. ती एकाला उचलून धरते व अनेकांना झांकून टाकते. पण तिचा गुणहि मान्य केला पाहिजे. इतिहासाच्या व्याख्यानास जो कधीं फिरकला नसता, तो मनुष्य ह्या फेरीमुळें प्लेगाची गल्ली व कैद्यांचें मैदान पाहून येतो. म्हणून अशा फेरीस अवश्य जावें, मनमुराद भ्यावें, आणि गोष्ट संपल्यावर वाटाड्यास एवढेंच विचारावें कीं येथें राहत होते कोण, आणि ते मेले कशानें. त्या उत्तरांत भुतें नसतात, माणसें असतात.