एकाच दारावरचे दोघे

दाताच्या डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली की पाचेक मिनिटांत अर्धा ओठ आपला राहत नाही. त्या सुईतलं लिग्नोकेन, गेल्या आठवड्यात आपण पाहिलेली चेतातंतूवरची सोडियमची दारं आतल्या बाजूने अडवतं. आज त्याच दारावर बाहेरून चाल करणारे दोन प्राणी पाहू.

आधी एक उजळणी. चेतातंतूच्या बाहेर सोडियम भरपूर, आत थोडं. उघडलेल्या दारातून सेकंदाला कोटीभर आयन आत जातील इतका त्याचा वेग. पण सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागातच आतला बोळा भोकात येऊन बसतो आणि वाट बंद होते. ही उघडझाप तंतूवर पुढे पुढे सरकते, तोच संदेश.

कोनस जिओग्राफस ही समुद्री गोगलगाय दिसायला इतकी देखणी, की तिचा शंख लोक दिवाणखान्यात मांडतात. जिवंतपणी मात्र ती पोकळ दाताने विष टोचून मासे मारते. त्या विषातलं म्यू-कोनोटॉक्सिन म्हणजे जेमतेम २२ अमिनो आम्लांची साखळी, तीन गंधकबंधांनी घट्ट आवळलेली. तिच्यातलं तेरावं आम्ल, आर्जिनिन, सोडियमसारखंच धनभारित असतं. दार त्याला आपलं समजून घेतं आणि ते तोंडाशीच बुचासारखं रुततं. यातही निवड आहे: हे बूच मुख्यतः स्नायूंच्या दारात बसतं, त्यामुळे मासा लुळा पडतो. काही गोगलगायी त्याआधी दुसरंच एक विष सोडतात, ते दार मिटूच देत नाही. मासा आकडी आल्यासारखा ताठतो, मग ढिला पडतो.

दार मिटू न देण्यात खरा तरबेज म्हणजे आपला लाल विंचू. त्याचं विष भोकात शिरत नाही. दाराची हालचाल ज्या भागावर अवलंबून असते, तिथे बाहेरून धरून बसतं. बोळा वेळेवर येत नाही, सोडियम आत येतच राहतं आणि तंतू एका हाकेला दहा हाका मारतो. त्यातून अॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा सुटतो. दंश झालेल्या मुलाला दरदरून घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात; रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं.

नागपूरच्या ‘मेडिकल’मधून एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात हे चित्र नेहमीचं होतं. जिथे यंत्रं नव्हती तिथे ते रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, दाब, घाम टिपत राहिले. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे टिपण, औषध नंतर आलं. १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणं मांडली. दार मिटवण्याचा उपाय हाताशी नव्हता. मग त्यांनी पुढची कडी पकडली: त्या लोंढ्याला रक्तवाहिन्यांवर जिथे जागा मिळते, ती जागा रोखणारं प्राझोसिन, रक्तदाबाची एक साधी गोळी. गंभीर दंशात शंभरातले पंचवीस-तीस दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. ‘पद्मश्री’ मिळायला २०२२ उजाडलं.

पुढे विंचवाची प्रतिलसही आली. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडला ७० रुग्णांवर तुलना केली, ती २०११मध्ये ‘बीएमजे’त छापून आली. प्राझोसिन आणि प्रतिलस दोन्ही दिलेल्या ३५पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसतं प्राझोसिन घेतलेल्या ३५पैकी ८.

आता परत गोगलगायींकडे. अशाच एका गोगलगायीच्या विषापासून वेदनाशामक झालं, ते झिकोनोटाइड, २००४ साली अमेरिकेत मंजूर झालेलं. त्याचं श्रेय मात्र सोडियमच्या दाराला नाही. ते कॅल्शियमचं दार बंद करतं, आणि ते दार पुढच्या आठवड्यात.