सार्कची धान्यपेढी: कोठार कुठे?

दक्षिण आशियातल्या सार्क देशांचा सामायिक अन्नसाठा कागदावर आला 1987 मध्ये. पण अडचणीच्या काळात त्यातून धान्य हललंच नाही. म्हणून 2007 च्या दिल्ली परिषदेत त्याच्या जागी ‘सार्क फूड बँक’ ठरली. सुरुवातीचा साठा 2,41,580 टन तांदूळ-गव्हाचा. त्यात भारताचा वाटा होता 1,53,200 टन, भूतानचा अवघा 180! गंमत म्हणजे सामायिक कोठार कुठेच नाही. प्रत्येक देशाने आपला वाटा आपल्याच गोदामात राखून ठेवायचा. मागणी कधी करायची, यालाही अट: उत्पादन आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा 8 टक्क्यांनी घटलं, तर टंचाई मानायची.  शिवाय धान्य फुकट नाही; भाव दोन देशांनी बोलणी करून ठरवायचा.