स्कीची दोन मिलिमीटरची धार

टणक बर्फावर स्की वळते ती कडेच्या जोरावर. तळाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची पोलादी पट्टी असते, तीच बर्फात रुतते. पूर्वी कडा नुसत्या लाकडाच्या असत आणि झिजून गोल होत. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी १९२६ मध्ये पोलादी कडांचं पेटंट घेतलं. पट्टी अखंड नव्हती. छोटे तुकडे स्क्रूने बसवलेले, त्यामुळे स्की मोकळेपणी वाकायची. मला ही युक्ती फार आवडते.

हे पोलाद चांगली धार धरतं, पण गंजतंही. ओली स्की पिशवीत कोंबली, की धुऊन तशीच ठेवलेल्या विळीसारखा तांबूस थर कडेवर चढतो. म्हणून उतरल्याबरोबर ती फडक्याने कोरडी करायची.

दगडाला घासली तर? कडेवरून नख फिरवा, खरखर लगेच लागते. तिथे थेट कानस चालवू नये. आपटून, तापून तेवढाच ठिपका इतका कडक होतो की कानस त्यावरून नुसती घसरते आणि तिचेच दाते बोथट होतात. आधी हिऱ्याच्या कणांची पट्टी फिरवायची, मग कानस. हंगाम संपला की तळासकट कडांवरही मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो पुढच्या बर्फापर्यंत तसाच राहू द्यायचा.