कोरडवाहू गावचा खलाशी

सेनगाव तालुक्यातील आमच्या गोरेगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आणि ज्या गावात विहिरींना पाणी कुठवर पुरेल याचा हिशेब होळीच्या सुमारासच सुरू होतो, जेथे सोयाबीन आणि हळद यांच्या भावावर घरातली लग्ने ठरतात आणि मोडतात, त्या गावातून कोणी खलाशी होईल अशी कल्पना, आयुष्यभर भूगोल शिकवूनही, माझ्या मनाला कधी शिवली नव्हती. म्हणून माझ्या हाताखालून दहावी उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी जेव्हा एका संध्याकाळी वडिलांना घेऊन ओसरीवर आला आणि 'गुरुजी, जहाजावर जायचं म्हणतो, अर्ज भरायला तुम्ही सोबत पाहिजेत,' असे म्हणाला, तेव्हा मी काही वेळ नुसताच त्याच्याकडे पाहत राहिलो.

त्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. कोण्या एका दलालाने 'कोर्सबिर्स काही लागत नाही, पैसे भरा, थेट बोटीवर चढवतो,' असे सांगून त्याच्या वडिलांकडून हळदीच्या पट्टीतली मोठी रक्कम उचलली होती आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला होता. नाविकांची भरती करणाऱ्यास सरकारी परवाना लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून मोबदला घेण्यास मनाई आहे, ही इत्तला आमच्या गावापर्यंत कोणी पोहोचवली नव्हती. तेव्हा या खेपेस सारे कायद्याच्या वाटेने करायचे, असे आम्ही तिघांनी ठरवले.

कायद्याची ती वाट मी बारकाईने वाचली. जहाजावर अधिकाऱ्याच्या खालच्या श्रेणीत जो नाविक असतो त्यास 'रेटिंग' म्हणतात, आणि डेकवर व इंजिनघरात अशा दोन्हीकडे राबू शकेल त्यास जनरल पर्पज रेटिंग. त्याच्या सहा महिन्यांच्या शिक्षणक्रमास वय साडेसतरा ते पंचवीस; दहावीस विज्ञान, गणित व इंग्रजी; एकंदर चाळीस टक्के गुण आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे चाळीस टक्के. नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेली संस्था असावी, वैद्यकीय दाखला मान्यताप्राप्त वैद्याचाच असावा. या साऱ्या अटींत मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते त्या एका कलमाने, ज्यात रंगांधळेपणा मुळीच चालणार नाही असे म्हटले आहे.

वैद्यकीय तपासणीच्या खोलीत ठिपक्यांतून आकडे ओळखण्याचे ते पुस्तक, जे शिनोबू इशिहारा या जपानी वैद्याने १९१७ साली प्रसिद्ध केले, त्याची पाने उलटत असताना आमचा मुलगा घामाघूम झाला होता, कारण त्याच्या आधी आत गेलेला विदर्भाकडचा एक धडधाकट तरुण त्याच पुस्तकाने परत धाडला होता. आणि आपले डोळे लाल-हिरव्यात घोटाळतात हे त्या बिचाऱ्यास वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या खोलीत, प्रथमच कळले होते. मला ते निर्दय वाटले. पण जहाजाच्या डाव्या अंगास लाल आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो, आणि काळोखात समोरचे जहाज कोणत्या दिशेस तोंड करून आहे हे पहाऱ्यावरच्या माणसास त्या दोन ठिपक्यांच्या रंगांवरूनच प्रथम उमगते, असे तेथल्या वैद्याने समजावून दिल्यावर त्या कलमाविरुद्धची माझी तक्रार उरली नाही. ज्या अटीमागचे कारण सांगता येते ती अट कठोर असली तरी अन्यायाची नसते; मात्र ती सांगणारा कोणी दारात उभा पाहिजे, आणि फी भरण्याआधी उभा पाहिजे.

पुढे त्यास प्रवेश मिळाला त्या, मुंबईजवळच्या खाडीकाठी असलेल्या संस्थेत, निवृत्त शिक्षक म्हणून परवानगी मागून, मी चार दिवस वर्गांच्या मागच्या बाकावर आणि मैदानाच्या कडेला बसलो. पहिला दिवस दोरांचा होता. शिकवणारे गृहस्थ रत्नागिरीकडचे, आयुष्य जहाजावर गेलेले, सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, पदावरून उतरलेले. त्यांचे तळवे मी पाहिले, आणि नांगराच्या रुमण्यावर आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांचे तळवे मला आठवले. त्यांनी बोलाइनची गाठ घालून दाखवली, जिचा फास कितीही ओढला तरी आवळत नाही आणि ताण गेल्यावर सहज सोडवता येतो; मुलांनी ती पुन्हा पुन्हा चुकवली. आमचा मात्र दुसऱ्याच खेपेस ती घालून हात झटकून उभा राहिला.

'कुठं शिकलास रे?' सारंगांनी विचारले.

'बैल बांधतो सर आम्ही,' तो म्हणाला.

त्या उत्तरावर मी रात्री बराच वेळ विचार करीत होतो. दावे, कासरा, चऱ्हाट, मोटेचा नाडा आणि सोंदूर, सुरगाठ आणि निरगाठ हा आमच्या कोरडवाहू मुलखाचा शब्दसंग्रह; तो ज्या बोटांत मुरला आहे त्या बोटांस जहाजाचा दोर परका नाही. परका आहे तो त्या दोराचा ताण. धक्क्याला बांधलेल्या जहाजाचा दोर तुटला तर तो ज्या वेगाने मागे झेपावतो त्या वेगापुढे माणसास हलण्यासही अवधी मिळत नाही. म्हणून ताणलेल्या दोराच्या झेपेच्या टापूत उभे राहायचे नाही, पडलेल्या वेटोळ्यात पाय टाकायचा नाही, हे त्या वृद्ध सारंगांनी इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या प्रकारांनी सांगितले की मागच्या बाकावर मीही नकळत पाय आखडून घेतले.

सुकाणूचा वर्ग याहून निराळा. तेथे आज्ञा झाली की ती प्रथम मोठ्याने उच्चारायची, मग चाक फिरवायचे, आणि चाक त्या अंशावर आले की पुन्हा उच्चारायचे: 'पोर्ट टेन', 'पोर्ट टेन, सर', 'व्हील इज पोर्ट टेन'. आमच्याकडे मोठ्या माणसाने सांगितलेले मुकाट्याने करणे ही मर्यादा मानली जाते. येथे मुकाट्याने करणे हाच अपराध. या वर्गाच्या पहिल्या दिवशी आमच्या मुलाचा आवाज फुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो खिडकीबाहेर ऐकू येत होता.

पोहण्याच्या तलावापाशी मात्र मला त्याची काळजी वाटली नाही, कारण कमरेला वाळलेला भोपळा बांधून खोल विहिरीत ढकलला गेलेला तो मुलगा आहे. तरीही एका हाताने नाक झाकून, दुसऱ्याने लाइफ जॅकेट खाली दाबून, पाय जुळवून, खाली न बघता समोर बघत उडी टाकायची, आणि उलटा पडलेला रबरी तराफा, त्याच्या गॅसच्या नळकांड्याच्या अंगास उभे राहून, तळचा पट्टा धरून, सारे शरीर मागे झोकून सुलटा करायचा, यातले दुसरे कर्म त्याला तीन वेळा साधले नाही. चौथ्यांदा तराफा त्याच्या अंगावर आला, तो त्याखालून पोहत बाहेर निघाला, आणि कडेला उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या सुट्टीत सारंगांशी बोलणे होई. त्यांच्या तोंडचे जहाजी शब्द ऐकताना मला आपल्याच भागातल्या जुन्या दफ्तरात बसल्यासारखे वाटे. सारंग हा फारसी सरहंग, सुकाणूमागे अरबी सुक्कान, आणि 'लस्कर' म्हणून इंग्रजांनी ज्यास हिणवले तो आमचाच लष्कर, ज्याची छावणी, हैदराबाद कंटिन्जंटची, हिंगोलीस होती. आरिया म्हणजे दोर सैल सोड, हा पोर्तुगिजांचा. या मिश्र बोलीचा कोश थॉमस रोबक या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यास छापला. लस्कर, कसब, सुकाणी, तांडेल, सारंग अशी ती पायऱ्यांची जुनी शिडी. पण त्या शिडीस हात लावण्याचा अधिकार कोणास, हे सारंगाच्या मर्जीवर असे. तो आपल्या गावची, आपल्या नात्यागोत्याची माणसे नेई. ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई, आणि कर्ज बंदराच्या घाटावरच्या सावकार-सारंगाकडून खलाशाच्या मानेवर येई. नाविकांना नोकरी लावून देताना त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत असा ठराव जिनोआ येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत १९२० साली झाला, आपल्याकडे भरतीतील लाचलुचपतीची चौकशी क्लो समितीने १९२२ साली केली. तरी दलालांची ती बाजारपेठ मोडायला पुढे कैक वर्षे लागली. अधिकारी घडवण्यासाठी 'डफरीन' ही शिक्षणनौका मुंबईस १९२७ सालीच आली. खलाशांसाठी 'भद्रा' आणि 'मेखला' यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. ज्याने दोर धरायचा त्यालाही शिकवावे लागते, हे मान्य करायला आपल्या समाजाने इतका काळ घेतला याचे मला मनापासून वाईट वाटते.

'आमच्या वेळी असता तर हा पोरगा बंदरावरसुद्धा पोचला नसता, गुरुजी,' सारंग म्हणाले. 'त्याला ओळखतो कोण?'

आज त्याला ओळखतो तो नियम. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, ज्यात पुढे १९९५ साली व २०१० साली मनिला येथे मोठी दुरुस्ती झाली, प्रत्येक पायरीची मोजणी ठरवून दिली आहे: जहाजाच्या ब्रिजवरच्या पहाऱ्यास पात्र होण्यासाठी सहा महिन्यांची सागरी सेवा, किंवा विशेष प्रशिक्षणासह निदान दोन महिन्यांची, त्यानंतर एबल सीमन होण्यासाठी वयाची अठरा वर्षे पुरी आणि अठरा महिन्यांची सेवा, अथवा मान्य प्रशिक्षण घेतल्यास बारा महिन्यांची. जात नाही, गाव नाही, शिफारस नाही. पण ही सारी मोजणी सेवेच्या दिवसांत होते, आणि सेवेचा पहिला दिवस कोणी द्यायचा हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेले नाही. वर्ग भरतात, परीक्षा होतात, दाखले निघतात. जहाजांवरच्या जागा मात्र तितक्या निघत नाहीत, आणि त्या फटीतच जुना दलाल नव्या नावाने पुन्हा उभा राहतो. संस्थेने किती मुले घ्यावीत हे तिच्या बाकांवरून नव्हे, तर मागील वर्षी तिची किती मुले खरोखर जहाजावर चढली यावरून ठरले पाहिजे, आणि तो आकडा प्रवेश-अर्जाच्या पहिल्याच पानावर, गावातल्या बापास वाचता येईल अशा मराठीत छापला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षा उत्तीर्ण होऊन तो पोळ्याच्या आधी गावी आला. वडिलांनी त्याच्याकडून सीडीसी, म्हणजे नाविकाची सनद, मागून घेतली, धोतराला हात पुसून एकेक पान उलटले. छायाचित्राचे पान झाले, शिक्क्यांची पाने झाली, आणि मग जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख असे रकाने आखलेली पाने आली, एकामागून एक, सगळी कोरी. 'हे कवा भरायचं?' त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, चार कंपन्यांना अर्ज केले आहेत, परवाना पाहूनच केले आहेत, एकीने मुलाखतीस बोलावले आहे. वडिलांनी सनद रुमालात बांधली, हळदीच्या पट्ट्या ठेवतात त्या पेटीत ठेवली, आणि बैलांना नव्या वेसणी आणायच्या म्हणून दोघेही सेनगावच्या बाजाराला निघाले.